उर्सुलामावशीची भिंत

"बघ, बघ, परत वर बघितलं त्यानं!" फेर्मीन बायकोच्या, ओतिलियाच्या, कानाशी कुजबुजला.

समोर ग्रिसेल्दाच्या टपरीवरचं गिऱ्हाईक हातातल्या फोटोकडे बघे, मग मान वर करून इकडे, फेर्मीनच्या टपरीमागे उभ्या असलेल्या मिस्टीच्या दिशेनं. शेवटी ते हसलं, खिशातून सोलच्या नोटा काढल्या आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलं.

मिस्टी ज्वालामुखी पेरू देशातल्या अरेकिपात कुठूनही दिसतो. पण फेर्मीनच्या हिशेबी तो त्याच्या मालकीचा होता. केस काळे होते तेव्हापासून तो रविवारच्या बाजारात मिस्टीचे फोटो विकत होता. स्वतः काढलेले, स्वतः धुतलेले. बर्फाची टोपी घातलेला मिस्टी, ढगात नाक खुपसलेला मिस्टी. आणि आता ही कालची पोर बरोबर समोर येऊन बसली होती.

"माझाच मिस्टी चोरलाय सटवीनं," तो म्हणाला. "दर रविवारी कॅमेरा माझ्या डोक्यावरून रोखलेला असतो. आंधळा आहे का मी?"

"मग एकदा जाऊन बघून ये की," ओतिलिया म्हणाली.

"मी? तिच्या टपरीवर? मेलो तरी नाही जायचा."

जायचं नव्हतं, पण नजरही हटत नव्हती. दोरीला चिमट्यांनी लावलेल्या आपल्या फोटोंच्या आडून तो दिवसभर तिकडेच बघत बसे. तो खपणारा फोटो ती नेमका फळीच्या पलीकडच्या अंगाला लावी. इकडून नुसती फळीची पाठ दिसे. त्याच्या अंगाचा तिळपापड होई. परवा तर तो स्वतःच्याच गिऱ्हाइकावर असा खेकसला की ते बिचारं आल्या पावली परत गेलं.

"चढली तुला नेवाडा," ओतिलिया म्हणाली. डोंगरावरून बर्फाचं वारं सुटलं की इथल्या माणसाचं डोकं फिरतं, त्याला अरेकिपात नेवाडा म्हणतात. "वाऱ्याचा पत्ता नाही, आणि हा आपला फणफणतोय!"

खरी मेख होती ती उर्सुलामावशीच्या खानावळीत. अख्खं गाव तिथे जेवतं. मावशीनं नवी भिंत रंगवून घेतली होती आणि तिच्यावर एकच मोठा फोटो लावायचा होता, ज्याला बघून माणसानं म्हणावं, हे अस्सल अरेकिपा. त्या भिंतीवर एकदा आपला फोटो लागावा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं फेर्मीनला वाटे. आपला सगळ्यात देखणा मिस्टी तो तिला देऊन आला होता.

मावशीनं ग्रिसेल्दाचा निवडला.

फेर्मीन त्या दिवशी जेवला नाही. रविवारी त्यानं ओतिलियालाच समोर पिटाळलं. ती ओठ घट्ट मिटून परत आली.

"कसा आहे?"

"चांगलाय."

"माझ्यापेक्षा?"

"खरं सांगू? तुला असा जन्मात जमायचा नाही."

"मग एक विकत का नाही आणलास?"

"संपले सगळे."

तेवढ्यात ग्रिसेल्दा स्वतःच आईस्क्रीमचा पेला घेऊन आली. "काका, रागावलात का माझ्यावर? तुमच्यामुळेच तर माझं दुकान चालतंय."

"ठाऊक आहे मला!"

"तुमच्यासाठी एक राखून ठेवते ना."

"तुझी भीक नको. हो चालती!"

ओतिलियानं तोंडाला शालीचा बोळा लावला. रडतेय बिचारी, असं फेर्मीनला वाटलं. आता मात्र गावादेखत सोक्षमोक्ष लावायचा, असं त्यानं ठरवलं.

सोमवारी दुपारी खानावळ गच्च भरली होती. सूप भुरकणारे चमचे फेर्मीनला दारात बघताच थांबले. माणसं त्याच्याकडे बघू लागली, मग भिंतीकडे, मग परत त्याच्याकडे.

"ही चोरी आहे!" तो मावशीवर बोट रोखून ओरडला. "त्या पोरीच्या फोटोत जे आहे ना, ते माझं आहे! माझं!"

"अरे, नाही कोण म्हणतंय?" मावशी म्हणाली, आणि सगळी खानावळ खो खो हसत सुटली.

फेर्मीननं रागारागानं मान वळवली. भिंतीवर मिस्टी नव्हताच. चिमट्यांनी टांगलेल्या फोटोंच्या फटीतून, डोळे बारीक करून, दातओठ खात, सगळ्या गावाकडे फेर्मीन बघत होता.