शांतपट्टी

आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता, तरी सुलक्षणा मधल्या सुट्टीत हसत डबा खात होती. दुःख उठलं की मनगटावरची शांतपट्टी ते तिथेच विरघळवून टाकायची. सगळ्या मुलांना जन्मापासून ती बांधलेली असे.

वर्गशिक्षिका निमकरबाईंच्या पिढीला पट्टी नव्हती; त्यांना ते हसणं पाहवेना. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि पट्टी सोडली.

"रड बाळा. मी आहे ना."

हळूहळू सुलक्षणाचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. ती घाबरून किंचाळली, "बाई, छातीत काय होतंय माझ्या?"

मुलं धावत आली. "अगं बाई, हिचे डोळे गळतायत!" "ए, लांब हो, तुलाही होईल!"

"तुला आईची आठवण येतेय, बाळा."

"मग नको मला ती आठवण! पट्टी बांधा ना, बाई. पाया पडते."

बाईंनी पट्टी बांधली. हुंदके थांबले. सुलक्षणाने गाल पुसले आणि बाईंच्या चेहऱ्याकडे मायेने पाहिलं.

"बाई, तुमचेही गळतायत. कपाटात मोठ्या मापाची एक आहे. आणू?"

बाईंनी हात पुढे केला.