पाहुण्याच्या हातचा नैवेद्य

यशवंतनं काठीची गोष्ट काढली आणि देवरामचा घास हातातच राहिला.

विचारलं होतं देवरामच्या बापानंच. सहादूनं चहाची बशी खाली ठेवली आणि सहज म्हणाला, "तुमचे आजे-पणजे मॉरिशसला जायच्या आधी इकडं काय करायचे म्हनं?"

"पणजोबा गावाचं काम करायचे," यशवंत म्हणाला. त्याचं मराठी तिकडच्या संध्याकाळच्या शाळेत शिकलेलं, जपून, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं. "साहेब घोड्यावरून आला की ते पुढे पळायचे. कुणी वारलं तर गावोगाव सांगायला तेच जायचे. त्यांची घुंगरांची काठी अजून आमच्या घरी आहे. आजी तिला तेल लावते."

मॉरिशसमध्ये ती काठी कसली ते कुणाला ठाऊक असो नसो, चांदवडच्या पंचक्रोशीत शेंबडं पोरही सांगेल. वेशीवरच्या महाराची काठी ती.

आणि कालचा दिवस कसला झकास गेला होता. यशवंतला नाशकात शिकायला येऊन उणेपुरे दोन महिने झालेले. होस्टेलात देवरामची आणि त्याची खोली एक. शनिवारी सकाळची एसटी धरून दोघं चांदवडला उतरले, पुढं कांद्याच्या रोपांनी भरलेल्या बैलगाडीत बसून गावात आले. विहिरीवर गावातली चार पोरं वरून उड्या मारून भाव खात होती. बेटावरचा हा गडी असा काही सूर मारून तळाचा गाळ घेऊन वर आला, की पोरं त्याच्या मागंच लागली. दुपारी तो चुलीपुढं बसून भाकरी थापायला गेला. तव्यापर्यंत जाता जाता तिचे तीन तुकडे झाले. देवरामची आई लंकाबाई पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुठल्या कुठं आलंय लेकरू. आई वाट बघत असंल याची," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात लोण्याचा गोळा टाकला. मग तिनंच जाहीर केलं, "उद्या रविवार. खंडोबाला निवद येसवंताच्या हातनं दाखवायचा. येवढ्या लांबनं देवानंच धाडलाय त्याला."

"हे मी आईला लिहीन," यशवंत म्हणाला.

ही झाली कालची गोष्ट.

आता काठीचं ऐकून लंकाबाईनं सहादूकडं बघितलं. सहादू आढ्याकडं बघायला लागला. "अस्सं. कामाची मानसं म्हनायची," एवढंच तो बोलला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला. बैलांना पाणी तासाभरापूर्वीच पाजलेलं होतं.

"तुम्ही भाईर पडवीत बसा," लंकाबाई यशवंतला म्हणाली. "हितं धूर लय हाय."

काल याच धुरात ती त्याला अरे-तुरे करत होती. यशवंतनं आपली बशी उचलली आणि निमूट बाहेर जाऊन बसला.

कॉलेजात समतेवर भाषण ठोकून कप मारून आणलेला हा पठ्ठ्या देवराम चुलीकडं वळला. "आई," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

रागावली असती तर तो भांडला तरी असता. पण ती रागावलेली नव्हती, भ्यालेली होती. वांग्याचं भरीत, भाकरी, वर कांद्याची पात, असं तिनं ताट वाढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं.

"देवाचं काम हाय रे बाबा. काय इपरीत झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू? पोरगं चांगलं हाय, मी कुटं नाय म्हनते? पन निवद तूच दाखव."

दार सताड उघडं होतं. पडवीतून देव्हारा सरळ दिसत होता. देवरामनं ताट उचललं. देवापुढं ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. देवाकडं काय मागावं तेसुद्धा त्याला सुचेना. बाहेर आल्यावर तो यशवंतकडं न बघताच म्हणाला, "आमच्यात घरच्यानंच दाखवायची पद्धत आहे. आई कालच्या भरात बोलून गेली."

"हो. असेल," यशवंत म्हणाला.

जेवण पडवीतच झालं. लंकाबाईनं दोनदा वाढलं, वरून, ताटाला हात लागू न देता.

दुपारी दोघं फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहिले. देवरामला राहवेना. परक्या मुलखातलं पोर, भोळेपणानं बोलून गेलं आणि आपण त्याला सावध केलं नाही, हीच टोचणी त्याला लागली होती.

"यशवंत, ती काठीची गोष्ट इकडं कुणाला सांगत जाऊ नकोस. तुला माहीत नाही, पण त्याचा अर्थ..."

"माहीत आहे. आजीनं सगळं सांगून पाठवलंय."

देवराम त्याच्याकडं बघतच राहिला. "मग सांगितलीस कशाला?"

"तुझी आई देवाचं ताट माझ्या हातात द्यायला निघाली होती. लपवून कसं घेणार?"

लांब वळणावर एसटी दिसली. यशवंतनं पिशवी खांद्याला लावली.

"तिला ते जमणार नाही, हे मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "ताट तू उचलशील, असं वाटलं नव्हतं."