खालची दोरी

‘‘दाबून धर, माय. हलू देऊ नको.’’

मंजुळाबाईने डोलकाठीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. उशीला खोळ चढवावी तशी सोपानने शिडाची लांब बाही काठीवर चढवली. गोव्याच्या किनाऱ्यावर तो पाहुण्यांना शिडाच्या फळीवर उभं राहायला शिकवायचा. यंदा सुट्टीला येताना त्याने मालकाकडून एक फळी आणि शीड मागून आणलं होतं.

‘‘कोनाचं लुगडं वाळू घालून राह्यला बे?’’ धरणाच्या काठावर धुणं धूत बसलेल्या बेबीताईने विचारलं.

‘‘तुमचंच हाय, काकू. गोव्यात सापडलं!’’

बायका हसल्या. सोपानने गुडघा टेकून शिडाच्या तळाची दोरी कप्पीतून ओढली. कापड ताठ झालं.

‘‘सारा खेळ या खालच्या दोरीचा, माय. हे ढिली राह्यली तर वारा शिडाच्या पोटात सरकते. मंग शीडच आपल्याले ओढत नेते.’’

‘‘अन् आज कोन येऊन राह्यलं?’’

‘‘साहेब लोक. त्याइले चालवून दाखवाचं. पसंत पडलं तं पक्की नोकरी.’’

‘‘कुठं?’’

‘‘झाल्यावर सांगतो. आधी बोललं की दृष्ट लागते, तूच म्हनते ना?’’

बोंडअळीने बीटीची कपाशीसुद्धा पोखरली, त्या साली मंजुळाबाईचा नवरा शेषराव सुरतेला गेला. नोकरी पक्की झाल्याचा निरोप आला. त्यानंतर काहीच आलं नाही. सोपानचं मात्र गोव्यात मन लागत नव्हतं. तसं तो एकदा बोललाही होता. पक्कं काही झालं नाही तर कंटाळून घरी परतेल, एवढ्या आशेवर ती होती.

जीप आली. सोपान साहेबांना सामोरा गेला. मंजुळाबाई शिडापाशी बसली. खाचेत अडकवलेली दोरी तिने उचकली, थोडी सैल सोडली आणि पुन्हा खाचेत बसवली.

‘‘चल, वारा पडायच्या आत दाखव,’’ एक साहेब म्हणाले.

सोपान घाईने शीड फळीला जोडून पाण्यात उतरला. काठालगत बरं चाललं. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याचा झोत आला, शीड हातातून निसटलं आणि तो पडला. उठला, पुन्हा पडला. पुन्हा उभा राहीपर्यंत जीप वळली होती.

तो निथळत काठावर आला. त्याने दोरी चाचपली.

‘‘म्याच ढिली ठेवली असंन.’’

‘‘जाऊ दे, बाप्पा. नशिबात नव्हतं,’’ मंजुळाबाई म्हणाली. तिला हलकं वाटत होतं. ‘‘चाल, भाकर खाऊन घे.’’

‘‘खातो. मंग मलकापूरले जाऊन गाडी पकडतो. गोव्याले पोचा लागन.’’

‘‘गोव्याले? काऊन? ते नोकरी तं गेली ना?’’

‘‘तिथची हायेच, माय.’’ सोपानने डोलकाठीचे दोन तुकडे वेगळे केले. ‘‘हे इथची होती. आपल्या धरनावरची.’’