येऊन राहिलो

रत्नमालाचं ते पत्र भैय्यालालजींना अजून तोंडपाठ होतं. माहेरून, नाकाडोंगरीहून, बायकोनं एकच ओळ लिहिली होती: 'मले घ्यायले या.'

उत्तरात 'येत आहे' लिहावं की 'येऊन राहिलो', यातच त्यांनी आठ कागद चुरगाळले. एक कचेरीतलं वाटे, दुसरं अशुद्ध. नवव्या दिवशी ती वारल्याचा निरोप आला.

तिच्या आठ पर्स त्यांनी भंडाऱ्याच्या घरी कपाटात ओळीनं लावल्या. आकार जाऊ नये म्हणून आत त्याच आठ कागदांचे बोळे भरले.

गेल्या आठ दिवसांपासून मात्र कपाटात रोज 'टक्' वाजे. पाहावं तर एका पर्सचा खटका उघडा आणि बाहेर बोळा, हातानं सपाट केलेला.

"बाबा, कागद तुम्हीच काढून राहिले ना?" लेकीनं, प्रतीक्षानं विचारलं.

"नाही बेटा."

"मंग काय आई वाचून राहिली?" ती हसली.

आज आठवा कागद सपाट झाला होता. त्यातल्या 'येत आहे'वर काट होती. शाई ओली होती.

भैय्यालालजींनी अंतर्देशीय पत्रावर उरलेले दोन शब्द लिहिले, नाकाडोंगरीचा पत्ता घातला आणि चौकातल्या लाल पेटीत पत्र टाकलं.

पेटीच्या आत पर्स मिटल्याचा आवाज झाला. टक्.