लुएवानो साहेबांचा कोट

बाराव्या दिवशीही लुएवानो साहेब जागेवर नव्हते. त्यांचा तपकिरी कोट तेवढा खुर्चीच्या पाठीवर होता.

"आत्ताच उठले बघ," शेजारच्या टेबलावरून कुकाबाई म्हणाल्या. "कोट आहे, म्हणजे इमारतीतच असतील."

यादिरा जिन्याने पाचव्या मजल्यावर परत आली. लिफ्टची वाट पाहण्याइतकाही धीर आता तिच्यात उरला नव्हता.

ग्वादालाहारातल्या या आठ मजली विमा कंपनीत ती डिसेंबरात डेव्हलपर म्हणून लागली होती. नव्या वर्षाचे नियम चढवताना कुणाकडून तरी एक आकडा चुकला होता. आठवड्याला तीन डायलिसिसांना परवानगी असताना संगणक दोनच मंजूर करत होता. ती चूक शोधायला यादिराला वीस मिनिटं लागली, सुधारायला एक. एका ओळीतला एक आकडा.

पण ती ओळ चालू यंत्रणेत जायला तीन मंजुऱ्या लागत. चाचणीवाल्यांनी चार दिवस घेतले. सुरक्षावाल्यांनी अकरा पानी फॉर्म भरून घेतला. ही ओळ देशाबाहेर नेली जाणार आहे का, असाही त्यात प्रश्न होता. नाही, असं तिने लिहिलं, दात आवळून. तिसरी मंजुरी लुएवानो साहेबांची. तिथे सगळं अडलं होतं.

यादिरा ज्यांच्या घरी भाड्याने राहत होती, त्या नाबोरकाकांचा विमा याच कंपनीचा होता, आणि त्यांची डायलिसिसची शनिवारची तिसरी पाळी नव्या वर्षापासून बंद होती. पाय इतके सुजले होते की बूट चढत नव्हते. मोजे घालून ते दाराशी खुर्ची टाकून बसत, आणि दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घेत. उद्याही पाळी चुकली तर सरळ भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"पोरी," आज सकाळी ते म्हणाले, "तुझ्या त्या मशीनला सांग ना, मी अजून आहे म्हणून."

तिने त्यांच्यासाठी रोज एक मेणबत्ती लावायचं मनाशी धरलं होतं. ते कधी चुकलं नाही. मेणबत्तीला कुणाची मंजुरी लागत नव्हती.

तिने हिल्दार्दोसाहेबांना, म्हणजे तिच्या वरिष्ठांना, पुन्हा गाठलं.  छताकडे पाहत ते म्हणाले की दोन फेब्रुवारीपर्यंत थांब, कांदेलारियाचा सण झाला की सगळं सुरळीत होईल. सणाचा आणि मंजुरीचा काय संबंध, असं तिने विचारलं. त्यावर त्यांना अचानक फोन आला.

"तू उगाच रक्त आटवतेस," पलीकडे बसणारा उलिसेस म्हणाला. "इथे सगळे तसलेच. सहा तारखेची बाहुलीच बघ. चाळीस जणांनी रोस्का खाल्ला, आणि बाहुली म्हणे कुणालाच मिळाली नाही. कुणीतरी गिळून बसलाय, निर्लज्ज मेला."

यादिराने नजर पडद्यावरून हलवली नाही.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, रोस्का म्हणजे तो गोल गोड पाव कापला, तेव्हा तिच्या तुकड्यात दाताला काहीतरी टणक लागलं होतं. तीच बाहुली, प्लास्टिकचा इवलासा बाळ येशू. ज्याला तो मिळतो त्याने कांदेलारियाला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामालेस खाऊ घालायचे, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण तिच्या खोलीत एकच शेगडी होती, आणि कचेरीत एकाही माणसाची धड ओळख नव्हती. तिने तोंड पुसायच्या निमित्ताने बाळाला रुमालात घेतलं. नंतर कचऱ्यात टाकायला मन धजेना. तेव्हापासून तो रुमालाला गाठ मारून पर्समध्ये, आईच्या जपमाळेशेजारी होता.

दुपारी चार वाजता ती पुन्हा खाली गेली आणि सरळ लुएवानो साहेबांच्या खुर्चीत बसली.

"साहेब येईपर्यंत मी उठणार नाही, कुकाबाई," ती हळूच म्हणाली. "घरी एक माणूस मरायला टेकलाय, आणि तुम्ही मला रोज कोट दाखवता."

मागे रेलल्यावर कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

 कुकाबाई उठल्या, त्यांनी दार लावलं, आणि स्वतःची खुर्ची तिच्याजवळ ओढून बसल्या.

साहेबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. मुख्य कचेरीने नवा माणूस दिलाच नाही. जागा रिकामी आहे असं कळवलं असतं, तर प्रत्येक मंजुरी परदेशातल्या मुख्य कचेरीत गेली असती आणि दोन-दोन महिन्यांनी परत आली असती. म्हणून इथल्यांनी कोट ठेवून घेतला. आणि साहेबांचं खातंही.

"मग मंजुऱ्या कोण देतं?"

"दर वर्षी आमच्यातलाच एक जण. कोणी द्यायच्या यावरून आधी फार भांडणं झाली, म्हणून मग देवावर सोडलं. नव्या माणसांना आम्ही हे सांगत नाही, पाळी आली तरच सांगतो." कुकाबाईंनी टेबलाच्या खणातून एक बंद लिफाफा काढला. "मागच्या वर्षी मंजुऱ्या देणारा बदली होऊन मॉन्तेरेच्या शाखेत गेला, जाताना साहेबांच्या खात्याचा पासवर्ड यात ठेवून गेला. यंदा कुणी पुढे आलंच नाही. निदान कांदेलारियाला तरी कुणाला लाज वाटेल, म्हणून सगळे वाट बघतायत."

"कुणी पुढे यायचं?"

"रोस्का कापतो ना आपण. ज्याच्या तुकड्यात बाहुली, तो वर्षभर लुएवानो."

यादिराने पर्स मांडीवर घेतली. जपमाळ बाजूला सारून रुमालाची गाठ सोडली. मग एक मूठ टेबलावर उघडली, आणि दुसरा हात लिफाफ्यासाठी पुढे केला.