हवेतला भाता

धुळ्याच्या मिशन बंगल्यात पियानो होता आणि वाजवणारा साहेब कबरस्तानात. साहेबांची आवडती विरहाची गत मरण्याआधी एकदा पुरी ऐकावी, एवढीच त्यांच्या विधवा मडमबाईंची इच्छा. पण लकव्यानं त्यांचा उजवा हात गेलेला, म्हणून गत दुसऱ्याला शिकवायची ठरली. शिकणारा मिळाला तो बोलपटांनी बेकार केलेला नाटकमंडळीचा पेटीवाला, नूर महंमद. त्याचा उजवा हात ऐकणाऱ्याला रडवी. डावा सवयीनं हवेतच भाता मारी. "नूरभाऊ, पियानोला भाता नसतो!" "माले माहीत शे मडमबाई, पन हातले कोन सांगी?" शेवटी वाटणी झाली: उजवी बाजू त्याची, डावी मडमबाईंची. गत बसण्याआधीच मडमबाईंनी अंथरूण धरलं. पियानो खाटेशेजारी आला. त्यानं सूर धरला. मडमबाईंची डावी बोटं रजईवरच साथ करू लागली. शेवटच्या ओळीला बोटं थांबली. नूर महंमदनं हवेतला भाता सोडला, डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि गत पुरी केली.