चौदा नंबरची खाट

धाकट्याचं जठर काढलं त्याला आज तिसरा दिवस. पूर्वी अशा ऑपरेशननंतर माणूस आठवडाभर आडवा असायचा; या हॉस्पिटलात मात्र पेशंटला झटपट बरं करण्याचा नवा कार्यक्रम होता. नळ्या निघाल्या, अंगावर घरचे कपडे आले आणि दिवसाला पाच फेऱ्या सक्तीच्या झाल्या. तो कॉरिडॉरमध्ये फेरी मारत असतानाच परगावाहून दादा येऊन पोहोचला. त्याला चौदा नंबरची खाट रिकामी दिसली. "गेला रे माझा भाऊ!" म्हणत तो त्याच खाटेवर कोसळला.

धाकटा परतला. "दादा, अरे मी जिवंत आहे," असं त्याने चारदा सांगितलं तेव्हा कुठे दादाने डोळे उघडले. "पड जरा," म्हणत धाकटा शेजारच्या खुर्चीत टेकला.

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांची आणि धाकट्याची ओळख पोटापुरतीच होती.

"तिसरा दिवस ना? मग अजून आडवे कसे? उठा!"

दोघांनीही तोंड उघडलं, पण डॉक्टरांना ऐकायला सवड कुठली! जन्मात कुणाचं न ऐकलेला दादा निमूटपणे दारापर्यंत चालून आला.

"वा! तिसऱ्याच दिवशी इतकं छान चालणारा पेशंट मी पाहिला नाही. सिस्टर, उद्या यांना घरी सोडा." मग खुर्चीकडे वळून त्यांनी धाकट्याला दटावलं, "आणि अहो, तुम्ही नातेवाईक ना? नुसते ठाण मांडून काय बसलात? जरा पेशंटला हात द्या की!"